आठ महिने झाले, पक्षी-प्राण्यांचे फोटो अजून धूसरच येतात. दोष लेन्सचा की माझा?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपूर्वी कॅमेरा घेतला तो फक्त पक्षी आणि प्राणी टिपायचे म्हणून. क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची, २४ मेगापिक्सेलची बॉडी आहे आणि ७०-३०० मिमीची लेन्स, जिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, ३०० ला एफ/५.६ पर्यंतच उघडतं (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). दर सुट्टीला बाहेर पडते, कार्ड भरून आणते, आणि घरी मोठ्या पडद्यावर फोटो उघडले की जीव खट्टू होतो. तीन नमुने सांगते.

एक, तळ्यातला बगळा. मागे गर्द झाडी, पुढे काळं पाणी, चित्र सुंदर होतं. फोटोत बगळा म्हणजे नुसता पांढरा ठिपका. पिसं दिसतच नाहीत.

दोन, उडता कोतवाल. डोकं जेमतेम बरं, पंख आणि शेपटी पुसून टाकल्यासारखी.

तीन, माळावर उभी असलेली हरणं. दुपारची वेळ, भरपूर ऊन, हरणं जागची हलतही नव्हती. तरीही सगळं कसं दुधाच्या सायीआडून पाहिल्यासारखं मऊ. हाच फोटो मला सर्वात जास्त छळतो, कारण इथे चुकायला काही वावच नव्हता.

लेन्समध्येच दोष असेल का? ६०० ची लेन्स घेण्यासाठी पैसे साठवायला लागू का? मनापासून शिकायचं आहे, त्यामुळे स्पष्ट सांगितलंत तर वाईट वाटणार नाही.

दुर्बीण

पक्ष्यांना ३०० कमीच पडते. मी दोन वर्षं झगडून शेवटी ६०० पर्यंत जाणारी लेन्स घेतली आणि फरक पडला. पैसे साठवायला लागा, एवढंच सांगेन.

झाडाआड

दुर्बीण, लेन्सवर नंतर येऊ. आधी दुखणं कुठे आहे ते तर बघू.

पाऊलवाट, "धूसर" हा एक आजार नाही, निदान चार आजार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. फोटो शंभर टक्के मोठा करा आणि प्राण्याकडे नाही, त्याच्या आजूबाजूला बघा.

प्राण्याच्या पुढचं किंवा मागचं गवत कोरल्यासारखं स्वच्छ आहे आणि डोळा मात्र मऊ आहे? मग फोकस चुकला. कॅमेऱ्याने आपल्याला हवं ते सोडून दुसरंच धरलं.

गवत, दगड, प्राणी, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं, बारीक ठिपक्यांच्या छोट्या रेघा झाल्यात? हात हलला.

फांदी स्वच्छ, पण तिच्यावरच्या पक्ष्याचं डोकं किंवा पंख पुसलेले? पक्षी हलला, शटर कमी पडलं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे काहीही करू शकत नाही. ते आपल्या हाताचा कंप सावरतं, पक्ष्याचा नाही.

आणि चौथा प्रकार: कुठेच काही स्वच्छ नाही, ओढल्याच्या रेघाही नाहीत, फक्त कडा विरघळल्यासारख्या, किंचित नागमोडी. तुमच्या हरणांच्या फोटोत हेच असणार असा माझा अंदाज आहे. तिन्ही फोटोंचं शटर (किती सेकंद उघडं होतं), आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला होता), वेळ आणि अंदाजे अंतर टाका, मग नेमकं सांगतो.

पाऊलवाट

इतकं नीट कुणी विचारलंच नव्हतं. ही घ्या माहिती. तिन्ही फोटो ३०० मिमी, एफ/५.६, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर मी ठरवते, शटर कॅमेरा).
बगळा: १/३२०, आयएसओ ४००, सकाळी आठ, साधारण ३० मीटर.
कोतवाल: १/२५०, आयएसओ ४००, ढगाळ सकाळ, २० मीटर.
हरणं: १/१६००, आयएसओ ४००, दुपारी साडेबारा, दीडशे मीटर तरी असतील.
आयएसओ ४०० च्या वर नेत नाही. वर गेलं की फोटोत दाणे येतात, असं सुरुवातीलाच मनावर ठसलंय.

आणि हो, आत्ता पाहिलं. हरणांच्या पायाशी असलेल्या दगडांच्या कडाही तशाच विरघळलेल्या आहेत.

झाडाआड

मग हरणांचा गुन्हा तुमचा नाही, लेन्सचाही नाही. त्या उन्हाच्या झळा आहेत.

दुपारी जमीन तापते, तिला टेकलेली हवा तापून हलकी होते आणि वर चढते. वरच्या गार हवेत ती मिसळत असताना तिच्यातून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला वेगळ्या बाजूला वळतो. तापलेल्या रस्त्यावर लांब पाणी चमकल्याचा भास होतो, तोही याच तापलेल्या हवेचा खेळ. दीडशे मीटरवरचं हरीण टिपताना तुम्ही दीडशे मीटर लांबीच्या हलत्या भिंगातून फोटो काढत असता. शटर १/८००० केलंत तरी फार तर ते वाकडेपण गोठेल, सरळ होणार नाही. म्हणूनच ६०० ची लेन्स यावर औषध नाही. ती हरणाबरोबर झळाही मोठ्या करून दाखवेल.

ओळखायची सोपी युक्ती: स्थिर प्राण्याचे सलग दहा फोटो घ्या आणि एकामागून एक पटापट पालटा. शिंगाची किंवा कानाची कड प्रत्येक फोटोत थोडी वेगळी वळलेली दिसली की खात्री झाली. अशा वेळी उपाय तीनच. सूर्य वर चढण्याआधी काढा, अंतर कमी करा, किंवा कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीतून नुसतं बघत बसा. गाडीतून काढत असाल तर बॉनेटवरून काढू नका, तापलेल्या इंजिनावरही झळा असतात. आतली हवा गार आणि बाहेर ऊन, अशा उघड्या खिडकीतही तेच होतं. इंजिन बंद करा, काचा खाली घ्या, थोडा वेळ जाऊ द्या.

लेन्सबद्दल शंका उरलीच असेल तर ती घरातच फेडून घ्या. कॅमेरा तिपाईवर, समोर चार मीटरवर बारीक छपाई असलेलं खोकं, प्रकाश भरपूर, शटर सेल्फ टायमरने. तिपाईवर स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. अक्षरं स्वच्छ आली तर लेन्सला बोल लावायचा नाही.

कवडसा

कोतवाल आणि बगळा माझ्याकडे द्या.

कोतवालाचं गणित सरळ आहे. उडत्या पक्ष्याला १/२००० तरी लागतं, लहान चपळ पक्ष्याला १/३२०० सुद्धा. तुमच्याकडे होतं १/२५०. २५० चे ५००, ५०० चे १०००, १००० चे २०००, म्हणजे तीन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). अ‍ॅपर्चर तर पूर्ण उघडं होतं, मग ते तीन स्टॉप आणायचे कुठून? आयएसओमधूनच. ४०० चे ८००, १६००, ३२००. दाणे येतील, जरूर येतील, पण हल्लीची सॉफ्टवेअर दाणे छान काढतात. पुसलेला पंख परत आणून देईल असं बटण मात्र कुठेही नाही. आयएसओ ४०० ची ती शपथ आजच मोडा.

सेटिंग असं लावा: कॅमेरा मॅन्युअल, अ‍ॅपर्चर एफ/५.६, शटर तुमच्या हातात, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/८००, चालत्या प्राण्याला १/१०००, उडत्याला १/२०००. एवढं एकच चाक फिरवायचं. पक्षी बसलाय आणि निवांत आहे, तर आधी चार-सहा फोटो १/८०० ला घेऊन ठेवा, मग हळूहळू १/२०० पर्यंत खाली या. आयएसओ उतरेल, फोटो नितळ होईल. काही हलतील, पण पदरात आधीच पडलेले असतात.

फोकस सलग मोडवर हवा. नायकॉन आणि सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये सर्वो.

आता बगळा. याच्यावर मी थोडा वेळ घालवणार आहे, कारण मला स्वतःला हे कळायला फार दिवस लागले. कॅमेऱ्याच्या मीटरला बगळा म्हणजे काय ते माहीत नाही. चौकटीत जे काही आहे त्याची गोळाबेरीज मधल्या करड्या छटेवर आणून ठेवायची, एवढंच त्याचं काम. तुमच्या चौकटीत बगळा चिमूटभर आणि काळं पाणी, काळी झाडी पसाभर. मीटर म्हणालं, "फारच अंधार आहे", आणि त्याने सगळंच उजळलं. पाणी करडं झालं आणि बगळा जळून गेला. इथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड स्टॉपमध्ये कमी-जास्त करायचं सेटिंग) उणे १ किंवा त्याहून थोडं जास्त हवं होतं.

पण "बगळा म्हणजे उणे" असं पाठ करू नका! तोच बगळा जवळ येऊन चौकट भरून उभा राहिला की मीटर म्हणेल "फार उजेड आहे" आणि फोटो अंधारेल, बगळा मळकट दिसेल. तेव्हा अधिक १. कोतवालाचंही तसंच. काळा पक्षी, मागे पांढरं आभाळ, तर अधिक १ ते दीड, नाहीतर नुसती सावली उरते. दर वेळी विचारायचं ते एवढंच: चौकटीत जास्त जागा कुणी खाल्लीय, गडद रंगाने की उजळ रंगाने?

प्रकाश सारखा असेल, निरभ्र सकाळ असेल, तर आणखी सोपं. आयएसओही स्वतःच बांधा. एकदा बगळ्याच्या पिसांवर बेतून घेतलं की तो काळ्या पाण्यावरून आभाळाकडे उडाला तरी त्याच्या अंगावरचा प्रकाश तोच असतो, फोटो बिघडत नाही. जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना कॅमेऱ्यात असते, ती चालू करा. आणि रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये, काढा. रॉ थोडंफार परत मिळवून देतं, पण पूर्ण जळालेल्या पिसांत परत आणण्यासारखं काही शिल्लकच नसतं.

दुर्बीण

कवडसा, आयएसओ बांधायचं मलाही माहीत नव्हतं, उद्याच करून बघतो. पण माझं म्हणणं मी सोडत नाही. झाडाच्या शेंड्यावरच्या घारीजवळ जाणार कसं? फोटोच्या कडा कापून, क्रॉप करून करून किती करणार?

झाडाआड

घारीच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, तिथे लांब लेन्सच हवी. आणि क्रॉपबद्दलही. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की २४ मेगापिक्सेलचे सहाच उरतात. पण टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून चित्र मोठं करणाऱ्या भिंगाचा, मोह मात्र नको. १.४ चा लावला की एक स्टॉप जातो, एफ/५.६ चं एफ/८ होतं, आणि २ चा लावला की एफ/११. त्या उजेडात बरेच कॅमेरे फोकससाठी चाचपडतात.

मी म्हणतो ते एवढंच की अंतर निम्मं केलं तर पक्षी तितकाच मोठा होतो, जितका लेन्स दुप्पट केल्याने होतो. वर मधली हवा निम्मी होते, आणि मागची झाडी पक्ष्याच्या मानाने लांब जाऊन मऊ होते. ही मिळकत कुठल्याच लेन्सबरोबर येत नाही. नवशिक्याने आधी हे शिकावं, लेन्स पुढच्या वर्षीही मिळेल.

आणि खाली बसा. खरं तर आडवे व्हा. उभं राहून पाणपक्षी काढला की त्याच्या मागे चिखल येतो, पक्ष्यापासून वीतभर अंतरावरचा, तो मऊ होणार कसा? लेन्स पाण्याच्या पातळीला आणली की मागे पलीकडचा काठ येतो, पन्नास मीटर लांबचा. तो नुसता रंग होऊन जातो. तिपाईऐवजी बीन बॅग नाहीतर धान्याची छोटी पिशवी लेन्सखाली ठेवा. गाडीच्या खिडकीवरही तीच चालते.

पाऊलवाट

वाचून हातातली सगळी कामं बाजूला ठेवावीशी वाटतात. पण जवळ जायचं कसं? मी दहा पावलं टाकेपर्यंत सगळे उडून जातात.

आणि एक विचारायचं होतं. तळ्यामागच्या उघड्या जागेवर टिटवीची अंडी दिसली, चार, खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. तिथे बसून राहिले तर ती परत अंड्यांवर येईल आणि जवळून फोटो मिळेल का?

शेवरी

पाऊलवाट, मी वयाने मोठी असेन, अगंतुगं करते. त्या अंड्यांपाशी पुन्हा जाऊ नकोस.

ती डोक्यावर ओरडत होती ना, म्हणजे ती अंड्यांवर नव्हती. उघड्या जमिनीवरची अंडी उन्हात काही मिनिटांतसुद्धा तापतात. उन्हाच्या वेळी टिटवी अंड्यांवर बसते ती बऱ्याचदा ऊब द्यायला नाही, सावली धरायला. तू जितका वेळ बसशील तितका वेळ अंडी उन्हात. शिवाय कावळे माणसांवर नजर ठेवून असतात. माणूस कुठे वाकला, टिटवी कुठे ओरडली, हे त्यांना बरोबर समजतं. फोटो मिळेलही, पण तो पाहताना तुला हे आठवत राहील. एरिक हॉस्किंग हे पक्षी-छायाचित्रणातलं फार मोठं नाव. १९३७ मध्ये घरट्याजवळच्या घुबडाने त्यांच्या डोळ्यावर झडप घातली आणि तो डोळा कायमचा गेला. पिल्लांसाठी पक्षी केवढी भीती गिळून अंगावर येतो, याचं याहून ठसठशीत उदाहरण माझ्याकडे नाही.

घरट्यापुढची फांदी बाजूला करणं, पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, हेही नको. आवाज वाजवला की नर आपल्या हद्दीत दुसरा नर आला समजून खाणंपिणं सोडून धावत येतो. आणि दुर्मीळ काही दिसलं तर फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद काढून टाक.

आता जवळ जाण्याबद्दल. सरळ रेषेत, नजर रोखून जाऊ नकोस. शिकारी प्राणी तसा येतो. तिरकी चाल, नजर जमिनीकडे, दोन पावलं टाकली की थांब. पक्षी टिपत-खात असेल तोवर सगळं ठीक. मान ताठ झाली, खाणं थांबलं, शेपटी झटकायला लागला की तू हद्दीवर आहेस. तिथेच थांब किंवा एक पाऊल मागे घे. बरेचदा तो पुन्हा खायला लागतो, आणि ती खरी परवानगी.

सर्वात उत्तम म्हणजे जायचंच नाही. तो जिथे येणार तिथे आधी जाऊन पडून राहायचं. कॅमेऱ्याशिवाय दोन सकाळी तळ्याकाठी बस आणि नुसतं लिहून काढ, कोण कुठून येतं, कुठल्या दगडावर टेकतं, किती वाजता. धोबी पक्षी रोज तोच काठ चालत जातो, खंड्या त्याच फांदीवर परत येतो.

वाऱ्याचंही बघ. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. म्हणून पक्ष्यांसाठी वारा तुझ्या पाठीवर हवा, म्हणजे त्याचं तोंड तुझ्याकडे. सूर्यही पाठीशी असेल तर डोळ्यात चमक येते. हरणांसाठी नेमकं उलट. पाठीवर वारा असला की तुझा वास तुझ्याआधी पोहोचतो, तेव्हा वारा तोंडावर घेऊन बसायचं.

झाडाआड

शेवरीताईंना पूर्ण अनुमोदन. लपण्यावरून आठवलं, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे दोघे भाऊ बैलाच्या पोकळ पुतळ्यात शिरून पक्ष्यांचे फोटो काढत. केवढी ती तळमळ, आणि तीही जड काचेच्या प्लेटांच्या काळात! आपल्याला मातकट कपडे आणि एक जाळीचं कापड पुरतं.

पाऊलवाट

तीन आठवड्यांनी परत येतेय, क्षमस्व.

अंड्यांकडे गेले नाही. लांबूनच वळसा घालून जाते आता. लेन्सची चाचणी घेतली, खोक्यावरची बारीक अक्षरंही स्वच्छ आली. माझ्या लेन्सवर उगाच आळ घेतला होता.

दोन सकाळी नुसती वहीत लिहीत बसले. दोन्ही दिवशी एक धोबी साडेसहाच्या सुमारास डावीकडून काठाकाठाने चालत आला, दर चार पावलांना शेपटी वरखाली करत. तिसऱ्या दिवशी सहालाच त्या काठाशी पालथी पडले. बीन बॅग चिखलात, लेन्स पाण्यापासून चार बोटं वर, सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी. १/१०००, आयएसओ आपोआप २००० च्या आसपास. चाळीस मिनिटं काहीच नाही. कोपरांना मुंग्या आल्या. मग तो आला. दहा मीटरवर थबकला, मान ताठ. मी श्वाससुद्धा हळू केला. शेपटी हलली, त्याने चिखलातून काहीतरी टिपलं, आणि मला शेवरीताईंचा "परवानगी" हा शब्द आठवला. चालत चालत तो चार मीटरवर आला.

फोटोत त्याच्या चोचीत एक बारकी माशी आहे आणि तिचे पंख वेगळे दिसतात. पायाच्या नखांवरचा ओला चिखल चकाकतोय. मागे पलीकडचा काठ, नुसता हिरवट सोनेरी. तो माझ्याकडे न बघता पुढे निघून गेला, उडाला नाही. फोटोइतकाच याचाही आनंद आहे.

आता पुढचा प्रश्न. डोळा स्वच्छ आहे, पण शेपटी पार मऊ. हा फोकसचा दोष आहे का?

कवडसा

वाचता वाचता मीच श्वास रोखून बसलो होतो. मनापासून अभिनंदन!

दोष नाही. चार मीटरवर, ३०० मिमी आणि एफ/५.६ ला, तुमच्या सेन्सरवर स्वच्छ दिसणारी खोली जेमतेम चार सेंटिमीटर असते. धोबी तिरका उभा असणार. डोळा त्या चार सेंटिमीटरमध्ये बसला, शेपटी बाहेर गेली. तीस मीटरवरून काढत होतात तेव्हा हा प्रश्नच आला नसता. एफ/८ केलंत तर सहा सेंटिमीटरच्या जवळपास मिळतील, आयएसओ दुप्पट होईल. त्यापेक्षा तो पूर्ण आडवा होईपर्यंत थांबा, चोचीपासून शेपटीपर्यंत सेन्सरला समांतर, आणि मान किंचित तुमच्याकडे वळली की बटण. तसं जमलं तर एफ/५.६ लाही बराचसा पक्षी आत येतो.

पाऊलवाट

तो त्या चपट्या दगडापाशी आला की नेहमी आडवा होतो, वहीत तशी नोंद आहे. रविवारी दगडाच्या बरोबर समोर पडून राहते.

दुर्बीण

मी ६०० वाला. या आठवड्यात लांब लेन्स घरी ठेवून तळ्यावर आडवा झालो होतो. खंड्याने त्याच फांदीवर तीन चकरा मारल्या. फोटो उद्या टाकतो.